घडवणे, हलवणे, छापणे

संगणकावर त्रिमितीय चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तीन कामे शिकावी लागतात. आधी तो पडद्यावर वस्तू घडवतो, मग ती हलवतो आणि शेवटी कागदावर, किंवा अलीकडे प्लास्टिकच्या थरांत, छापून हातात घेतो. मॉडेलिंग, ॲनिमेशन आणि प्रिंटिंग हे शब्द संगणकाबरोबरच आले असे वाटते. प्रत्यक्षात ही तिन्ही कामे संगणक येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या एकाच माणसाने एकापाठोपाठ एक शिकून घेतली होती. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मांजरा नदीच्या काठी असलेल्या बिलोली तालुक्यापर्यंत त्यांना पोहोचायला मात्र मध्ये शतक जावे लागले. या शिक्षणाचा इतिहास यंत्रांची नावे सांगून पुरा होत नाही. शिकणाऱ्याने काही करून पाहिले, तर ते कसे उतरले हे त्याला किती वेळाने दिसायचे? आणि तेवढा वेळ थांबणे त्याला परवडत होते का? या दोन प्रश्नांचा माग काढला की तो उलगडत जातो.

घडवण्याचे काम बिलोलीच्या भागाला नवे नाही. शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टलला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले सिद्धेश्वर मंदिर आहे. खुद्द बिलोलीत औरंगजेबाच्या सैन्यातील अधिकारी सरफराज खान याच्या नावाची कोरीव दगडी मशीद आहे. दगडातली चूक भरून काढता येत नाही, म्हणून दगड कोरणारा वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हाताखाली शिकतो. मातीचे तसे नसते. पोळ्याच्या सुमारास पोरे काळी माती मळून बैल करतात. आधी लांबट गोळा, मग त्याच गोळ्यातून ओढून काढलेले चार पाय, चिमटीत धरून वर उचललेले वशिंड आणि सगळ्यात शेवटी शिंगे. पाय बारीक झाले तर बैल बसतो. मग सगळा मोडून पुन्हा गोळा करायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. यात खर्च काही नाही आणि चूक लगेच दिसते. संगणकावरचे मॉडेलिंग दगडापेक्षा या मातीला जवळचे आहे. तिथेही सुरुवात एका ठोकळ्यापासून होते. त्याची एक बाजू धरून बाहेर ओढली की पाय तयार होतो, दुसरी ओढली की मान. या ओढण्याला तिथे ‘एक्स्ट्रूड’ म्हणतात. बैल दोन्ही अंगांनी सारखाच असल्यामुळे अर्धाच घडवतात आणि उरलेला अर्धा आरशातल्या प्रतिमेसारखा आपोआप उमटवून घेतात. मातीचा बैल केलेल्या मुलाला ही कृती समजावून सांगावी लागत नाही.

हलवण्याच्या कामाचा महाराष्ट्रातला ठळक आरंभ कल्याणला झाला. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने दिव्याच्या चित्रांचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे मॅजिक लँटर्नमधून पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि काचा झरझर बदलून आकृती हलल्याचा भास निर्माण करायचा, अशी ही रीत होती. चित्रे रंगवण्यात आणि खेळ करण्यात पटवर्धनांची मुलेही सहभागी होती. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी दाखवला गेला, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. हे शिक्षण घरातच राहिले, बापाकडून मुलाकडे गेले आणि कुटुंबाने खेळ थांबवले तेव्हा तेही थांबले.

घडवणे, हलवणे आणि छापणे या तिन्ही गोष्टी एकत्र शिकलेला विद्यार्थी म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपटाचा जनक या एकाच ओळखीमुळे त्यांची वीस-पंचवीस वर्षांची उमेदवारी झाकली जाते. या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आले आणि तिथून बडोद्याला गेले. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात त्यांनी रंगचित्रण, वास्तुरचना आणि मातीकाम शिकून घेतले. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. इमारत उभी राहण्याआधी तिचे लहान रूप करून पाहणे हेच आजच्या भाषेतले मॉडेलिंग. पुढे छायाचित्रण आले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्याची धडपड पाहून त्याला तीन रंगांचे ब्लॉक आणि फोटोलिथो शिकण्यासाठी रतलामला पाठवले आणि परत आल्यावर कलाभवनातली प्रयोगशाळा वापरू दिली. विद्यार्थ्याच्या हाती साधने देऊन त्याला मोकळे सोडणारा शिक्षक या इतिहासात फार थोड्या वेळा भेटतो, म्हणून गज्जरांचे नाव इथे आवर्जून घ्यायला हवे.

शिकलेल्या कामावर पोट भरेल याची खात्री नव्हती. गोध्रा येथे फाळक्यांनी फोटोचा धंदा मांडला. प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले आणि तो धंदा मोडला. पुढे काही वर्षे त्यांनी पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. १९०६ मध्ये ती सोडून लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचे काम सुरू केले. जवळच मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता आणि त्याला लागणारी फोटोलिथोची कामे ते करून देत. दगडावरच्या या छपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे. एकाच चित्रासाठी एकावर एक असे अनेक रंग चढवावे लागत आणि प्रत्येक वेळी कागद आधीच्या खुणांवर नेमका बसवावा लागे. केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर यायचे. सगळे रंग चढल्याशिवाय चित्र कळत नसे, म्हणजे चूक कळायलाही शेवटपर्यंत थांबावे लागे. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणायला जर्मनीला जाऊन आले.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातल्या तंबूत त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला. रोज चार-पाच तास चित्रपट पाहण्याने डोळे गेले; डॉक्टरांच्या उपचारांनी ते परत आले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रीकरण जवळून पाहिले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि १ एप्रिलला ते परतही आले. दोन महिन्यांत शिकून आलेली विद्या भांडवलदाराला पटवून द्यायची होती. त्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा एका जागी पक्का बसवला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत, महिन्याहून जास्त काळ, चित्रे घेत राहिले. ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटाहून थोडा लांब चित्रपट असा तयार झाला. तो पाहिल्यावर पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

वाटाण्याच्या चित्रपटासाठी रोज एकच चित्र घेतले असे सांगितले जाते, पण हिशेब तसा बसत नाही. त्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे सरकत. या गतीने एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. रोज एकच चित्र घेतले असते तर महिन्याभराच्या कामातून जेमतेम दोन सेकंद हाती आले असते. मिनिटभराच्या पट्टीसाठी दिवसाला तीसेक चित्रे तरी घ्यावी लागली असणार. दर दिवशी कॅमेऱ्यासमोर तीस वेळा उभे राहायचे, उजेड सारखा राखायचा, कुंडीला धक्का लागू द्यायचा नाही. दंतकथेपेक्षा हा हिशेब त्या कष्टांची जास्त नेमकी कल्पना देतो. शिवाय फिल्म धुऊन, छापून, यंत्रावर चढवेपर्यंत यातले काही नजरेला पडणार नव्हते. पुढच्या काळात घरचे स्वयंपाकघर अंधारखोली झाले. सरस्वतीबाई फाळक्यांनी अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे आणि फिल्म धुणे ही सारी कामे शिकून घेतली. या देशातल्या चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये त्यांची गणना व्हायला हवी. ती फार उशिरा आणि फार थोडी झाली.

१९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट केला. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, अशा रीतीने निर्जीव काड्या चालवल्या होत्या. फ्रान्सात एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ पडद्यावर आणला होता. महायुद्धामुळे भांडवल आणि कच्ची फिल्म दोन्ही दुर्मीळ झाल्याच्या काळात फाळक्यांनी पात्र निवडले ते पैशाला पेटीभर मिळणारे. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. वाटाणा आणि आगकाडी या दोन वस्तूंची निवड विसरू नये, कारण पुढच्या प्रत्येक पिढीतल्या विद्यार्थ्याने घरात हाताशी असलेल्या वस्तूवरच हात बसवलेला दिसतो.

हाताने काढलेल्या चित्रांचे ॲनिमेशन त्यानंतर मोठ्या संस्थांकडे गेले. प्रभात फिल्म कंपनीच्या छत्राखाली रघुनाथ केळकरांनी १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा कोल्ह्याचा व्यंगपट केला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला आणि १९५६ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स इथल्या तरुणांना शिकवायला आले. त्यांच्या हाताखालून राम मोहन यांच्यासारखी माणसे घडली. फिल्म्स डिव्हिजन ही या देशातली ॲनिमेशनची पहिली खरी शाळा म्हणता येईल. पण तिथे शिकायचे तर नोकरी लागायला हवी होती आणि नोकरी मुंबईत होती. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रासाठी ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट केला. त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांचे होते. सात मिनिटांचा हा चित्रपट दूरदर्शनमुळे देशभरच्या मुलांना पाठ झाला. सेकंदाला १२ चित्रे धरली तरी सात मिनिटांना पाच हजारांहून अधिक चित्रे होतात. इतकी चित्रे काढायची, काचेसारख्या पारदर्शक पत्र्यांवर उतरवायची, रंगवायची आणि एकेक करून कॅमेऱ्याखाली धरायची. एकट्या विद्यार्थ्याने घरी बसून हे शिकावे अशी सोयच नव्हती. फाळक्यांच्या काळात एका घरात मावणारे शिक्षण या पन्नास वर्षांत घराबाहेर गेले.

संगणकाने ते परत घरात आणले. पण तो आला तोही विद्यापीठांतूनच. अमेरिकेतल्या एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ हा पडद्यावर थेट रेघ ओढू देणारा प्रोग्रॅम आपल्या पीएचडीसाठी लिहिला. पुढे ते युटा विद्यापीठात शिकवू लागले आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी सत्तरीच्या दशकात या विद्येचा पाया घातला. त्यांचे प्रयोग कमालीचे घरगुती आहेत. आँरी गुरो यांनी आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघांची जाळी आखून तिची मापे घेतली आणि चेहरा गुळगुळीत दिसावा म्हणून छटा मिसळण्याची रीत शोधली. एडविन कॅटमल यांनी १९७२ मध्ये आपल्याच डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला. त्याच्यावर सुमारे साडेतीनशे त्रिकोण-बहुकोण आखून त्यांची टोके मोजून संगणकात भरली, आणि तो हात पडद्यावर बोटे हलवू लागला. मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ मध्ये चहा पिता पिता पत्नीच्या सुचवण्यावरून घरातली चहाची किटली आलेखाच्या कागदावर काढली. ‘युटा टीपॉट’ म्हणून ती इतकी रूढ झाली की आजही नवे प्रोग्रॅम तपासायला तीच वापरतात. पत्नीचा चेहरा, स्वतःचा हात आणि चहाची किटली! फाळक्यांच्या कुंडीशी या प्रयोगांचे नाते उघड आहे. थांबणेही तसेच होते. एकेक चित्र तयार व्हायला मिनिटे लागायची आणि ते पडद्यावरून कॅमेऱ्याने फिल्मवर टिपावे लागायचे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत औद्योगिक रचना केंद्र स्थापन झाले. जे. जे. च्या परंपरेतले सुलेखनकार र. कृ. जोशी पुढे तिथे शिकवू लागले आणि जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशीही त्यांचे काम जोडले गेले. विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या रचनेचा. अक्षर आणि त्रिमितीय वस्तू यांचा संबंध नवख्याला दिसत नाही, पण तो फार जवळचा आहे. फ्रान्सातल्या मोटार कारखान्यांत गाडीचे पत्रे आखण्यासाठी पिएर बेझिए आणि पॉल द कास्तेल्जो यांनी वक्ररेषेचे जे गणित साठीच्या सुमारास बसवले, त्याच गणिताने संगणकातल्या ‘क’ची गोलाई वळते आणि न्यूवेलच्या किटलीचे पोटही. दोन टोके, मध्ये दोन खुंट्या, आणि खुंट्या हलवाव्या तशी वळणारी रेघ एवढाच हा खेळ. अक्षराची गोलाई एकदा हाताखालून गेली की वस्तूची गोलाई शिकायला वेळ लागत नाही.

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात संगणकावरचे चित्रकाम नेमके याच वाटेने, म्हणजे अक्षरांच्या वाटेने आले. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मांजरा ओलांडली की बोधन आणि निजामाबाद. बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दू चालते. निजामी काळात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नसल्याने कातिबाने, म्हणजे सुलेखनकाराने, हाताने लिहून दगडावर छापण्याची रीत हैदराबादेत दीर्घकाळ टिकली. मराठी छपाई खिळ्यांची. लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणारे तालुक्याचे छापखाने कंपोझिटरच्या हाताने एकेक खिळा जुळवत. नव्वदीच्या दशकात हे चित्र पालटले. कोरलड्रॉ, पेजमेकर, मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, उर्दूसाठी इनपेज अशी जुळणी असलेली डीटीपीची दुकाने गावोगाव निघाली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जागी संगणक केंद्रे आली. नंतर फ्लेक्स आला आणि भिंती रंगवणारे पेंटर मागे पडले. फोटो स्टुडिओत संगणकावर सजवलेले करिझ्मा अल्बम सुरू झाले, लग्नाच्या शूटिंगच्या ‘मिक्सिंग’मध्ये वधूवरांची नावे सोनेरी त्रिमितीय अक्षरांत फिरत येऊ लागली.

या कामाला कलेच्या इतिहासात कोणी जागा देत नाही, आणि तो अन्याय आहे. ग्रामीण भागातल्या असंख्य तरुणांनी संगणकावर पहिली वक्ररेषा ओढली ती वाढदिवसाच्या बॅनरसाठी, पहिला फोटो कापून काढला तो दुकानाच्या फलकासाठी. शिकवणारा बहुधा त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा मुलगा असे. कलाभवनासारखी इमारत नव्हती, पण काम दाखवायला गिऱ्हाईक समोर बसलेले असे आणि चूक तिथल्या तिथे सांगितली जाई.

ॲनिमेशनसाठी मात्र बिलोलीच्या मुलाची नजर आग्नेयेकडे जाणे साहजिक होते. पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि नव्या शतकात हैदराबाद हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले. २००८ मध्ये टीव्हीवर आलेला ‘छोटा भीम’ तिथल्या ग्रीन गोल्ड कंपनीचा. ‘ईगा’ या २०१२ च्या तेलुगू चित्रपटात नायक म्हणजे संगणकावर घडवलेली माशी होती. मुंबईत २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हनुमान’ झाला. आपल्या बाजूच्या शहरांत लोक या कामावर जगतात, हे कळणे विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. अडचण साधनांची होती. त्रिमितीय कामाचे व्यावसायिक सॉफ्टवेअर लाखांच्या घरातले आणि खासगी अभ्यासक्रमांची फी शेतकरी कुटुंबाला झेपणारी नव्हे.

ही अडचण एका डच प्रोग्रॅमने सोडवली. टॉन रोझेंडाल यांनी १९९४ मध्ये आपल्या स्टुडिओसाठी ‘ब्लेंडर’ लिहायला घेतला. कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये त्यांनी वापरणाऱ्यांकडूनच एक लाख युरो गोळा केले, हक्क सोडवून घेतले आणि तो प्रोग्रॅम सर्वांना कायमचा फुकट आणि खुला करून टाकला. आज नांदेडच्या वसतिगृहात आणि युरोपातल्या स्टुडिओत तोच ब्लेंडर उघडतो. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरमध्येच केलेला होता आणि त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले.

ब्लेंडर उघडल्यावर समोर एक करडा ठोकळा येतो. पहिल्या काही दिवसांत विद्यार्थी तांब्या करतो. तांब्याची फक्त एका बाजूची कड रेघेने काढायची आणि ती मधल्या आसाभोवती फिरवायची. कुंभाराच्या चाकावर होते तेच इथे गणिताने होते. हलवणे शिकण्यासाठी जगभर एकच पहिला धडा देतात, तो टप्पे खाणाऱ्या चेंडूचा. वर पोहोचताना चेंडू मंदावला पाहिजे, खाली येताना वेगाने यायला हवा, आपटताना किंचित चपटा व्हायला हवा आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बुटका असायला हवा. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ओली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलेल्या बारा तत्त्वांपैकी निम्मी या एका चेंडूत शिकून होतात. त्यानंतर चालणे. इथे खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलावर आघाडी असते, कारण चालता बैल त्याने रोज पाहिलेला असतो. मागचा डावा पाय, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा त्याचा क्रम असतो, आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाजवळच पडतो. हा क्रम चुकला की बैल लाकडी दिसतो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी चुकल्याचे जाणवते.

मग रेंडरिंग, म्हणजे प्रत्येक चित्र उजेड-सावलीसह पक्के काढून घेणे. दहा सेकंदांच्या तुकड्याला सेकंदाला २४ प्रमाणे २४० चित्रे लागतात. साध्या संगणकावर एका चित्राला पाच मिनिटे धरली तर २० तास होतात. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन दिवसाचे कित्येक तास चाले त्या वर्षांत, वीस तास संगणक सलग चालू ठेवणे हेच मुळी अवघड होते. म्हणून जाणते विद्यार्थी सबंध व्हिडिओ एकदम काढत नाहीत. प्रत्येक चित्र वेगळे साठवत जातात. वीज गेली तर शेवटचे चित्र तेवढे बुडते आणि पुढच्या आकड्यापासून काम चालू करता येते. ‘फ्लो’ ब्लेंडरच्या ज्या ‘ईव्ही’ पद्धतीने रेंडर केला, तिच्यात चित्र काही क्षणांत उमटते. थोडी वास्तवता सोडायची आणि वेळ वाचवायचा असा तो सौदा आहे, आणि साध्या संगणकावर शिकणाऱ्याला तो निश्चितच फायद्याचा पडतो.

तिसरे काम छापण्याचे. चार्ल्स हल यांनी १९८० च्या दशकात द्रव रसायनावर अतिनील प्रकाश टाकून थराथराने वस्तू घट्ट करण्याची रीत शोधली. १९८६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. जपानात हिदेओ कोदामा त्याच्याही आधी त्या वाटेने गेले होते. स्कॉट क्रंप यांनी १९८८ मध्ये मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना गरम गोंदाच्या पिस्तुलाने थर चढवले आणि त्यातून वितळलेल्या प्लास्टिकची रीत निघाली. या रीतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले. बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी २००५ पासून ‘रेपरॅप’ हा खुला आराखडा तयार करायला घेतलाच होता. पेटंट संपताच लाखोंची यंत्रे हजारांत आली.

महाराष्ट्राच्या खेड्यात ही विद्या सर्वांत आधी रुजली ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. पुस्तकी शिक्षणात न रमणाऱ्या मुलांना वेल्डिंग, शेती, वीज, बांधकाम अशी प्रत्यक्ष कामे करायला लावून शिकवायचे, हे त्यांचे सूत्र होते. एमआयटीतल्या नील गर्शेनफेल्ड यांच्या ‘फॅब लॅब’ची अमेरिकेबाहेरची पहिली शाखा २००२ मध्ये याच आश्रमात सुरू झाली. संगणकावर आराखडा करून तो यंत्राकडून कापून घेणे, घडवून घेणे खेड्यातली मुले तिथे शिकू लागली. कलबागांनी आखलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांतही गेला. २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने सहावी ते बारावीच्या निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान दिले आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर शाळांत आले.

प्रिंटरला ब्लेंडरमधला बैल जसाच्या तसा चालत नाही. पडद्यावरच्या वस्तूला नुसती कातडी असली तरी भागते. छापायच्या वस्तूची कातडी कुठेही फाटलेली किंवा एकमेकींत घुसलेली चालत नाही. स्लायसर नावाचा प्रोग्रॅम तिचे आडवे काप करतो. नेहमीची जाडी ०.२ मिलिमीटर, म्हणजे सहा सेंटिमीटर उंचीच्या बैलाचे ३०० काप. पावणेदोन मिलिमीटर जाडीची पीएलए प्लास्टिकची तार सुमारे २०० अंश सेल्सियसला वितळते आणि ०.४ मिलिमीटरच्या तोंडातून एकेका कापाची रेघ ओढली जाते. पुढचा थर आधीच्या थरावर नेमका बसायला हवा, रविवर्म्याच्या छापखान्यात रंगावर रंग बसे तसाच. प्रिंटरचा पट्टा सैल असेल तर बैल मधूनच एका बाजूला सरकतो. या कामाला काही तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर अर्धा बैल पाटावर राहतो; नवे प्रिंटर वीज गेल्याची जागा लक्षात ठेवून तिथूनच पुढे चालू करतात, पण तोवर गार झालेला थर पुढच्या थराला घट्ट धरतोच असे नाही.

पोटाखाली हवेत काही छापता येत नाही, म्हणून पायांच्या मधोमध आधाराच्या बारीक काड्या उभ्या कराव्या लागतात आणि नंतर त्या पक्कडीने मोडून काढाव्या लागतात. बैल उलटा, पाय वर करून छापला तर काड्या कमी लागतात, पण वशिंडाचा माथा खरबरीत होतो. शिंगांची टोके ०.४ मिलिमीटरच्या आसपास आली की तिथे प्लास्टिकचे गोळे जमतात. त्यामुळे शिंगे जरा जाड घ्यायची, नाहीतर वेगळी आडवी छापून नंतर चिकटवायची.